टोपणनावामागच्या गोष्टी
जुन्या मराठी कथालेखिका, त्यांच्या इटालियन समकालीन आणि जात्यावरच राहिलेली कथा

उत्रोली (ता. भोर), प्रतिनिधी : सन १९३३ मध्ये एका लहानशा कथासंग्रहाने मराठी वाचकवर्गात मोठी खळबळ उडवून दिली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हे त्याचे नाव आणि विभावरी शिरूरकर हे लेखिकेचे. या नावाची बाई कोणी पाहिलेली नव्हती. अविवाहित, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातील कोंडी इतक्या उघडपणे मांडणारी व्यक्ती स्त्री असूच शकत नाही, हा कोणा पुरुषाचा खोडसाळपणा असावा, असाही तर्क लढविला गेला. प्रकाशक ह. वि. मोटे यांना खरे नाव ठाऊक होते. परंतु त्यांनी ते फोडले नाही.

ज्या वर्षी शहरात ही चर्चा रंगली, त्याच वर्षी पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील भोर परिसर संस्थानी अमलाखाली होता. भोरनजीकच्या उत्रोलीसारख्या गावात पहाटे जात्याला बसणाऱ्या बाईपर्यंत या वादाची गंधवार्ताही पोहोचली नसणार. मात्र तिच्यापाशी गोष्टी नव्हत्या असे मुळीच नाही. चातुर्मासातील कहाण्या तिला तोंडपाठ होत्या. सासर-माहेराचे, भावाबहिणीचे, सवतीचे अवघे कथानक ती दोन-चार ओळींच्या ओवीत बसवीत होती. कागद, शाई आणि अक्षरओळख एवढेच तिच्यापाशी नव्हते. मराठीतील स्त्रियांच्या कथेचा इतिहास बहुधा छापील पुस्तकांपासून सांगितला जातो. तो या दोन बायकांमधील अंतरापासून सांगितला तर अधिक नीट उलगडतो. आणि ते अंतर मोजण्यास इटलीतील लेखिकांची तुलना चांगलीच उपयोगी पडते.

इटलीच का, असा प्रश्न कोणी करील. एक राष्ट्र म्हणून इटली उभे राहिले ते १८६१ मध्ये. मराठीतील आद्य कथा-कादंबरीलेखिकांपैकी एक असलेल्या काशीबाई कानिटकर यांचा जन्मही त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे झाला. हा अर्थातच योगायोग. पण पुढची साम्ये योगायोगाची नाहीत. दोन्हीकडे बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या, दोन्हीकडे धर्म आणि कुटुंब यांची पकड घट्ट होती, घरात बोलायची भाषा एक आणि ग्रंथात लिहायची दुसरी होती, आणि दोन्हीकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासिके निघू लागताच स्त्रियांना लिहिण्यासाठी एक अरुंद दार उघडले गेले. त्या दारातून आत जाण्यास कादंबरीपेक्षा कथा सोयीची होती. चूल, मूल आणि पाहुणेरावळे सांभाळून मिळणाऱ्या तासाभरात कादंबरी पुढे सरकत नाही, गोष्ट सरकते.

काशीबाईंना शाळा लाभली नाही. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोविंद वासुदेव कानिटकर हे विद्याव्यासंगी, परंतु घरातील वडीलधाऱ्यांना सुनेने पुस्तक हाती धरणे मान्य नव्हते. त्या लपूनछपून वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली, ‘शेवट तर गोड झाला’ आणि ‘चांदण्यातील गप्पा’ ही कथापुस्तके लिहिली. यांपैकी शेवटच्या पुस्तकाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. आपले लेखन हे साहित्य आहे असा दावा न करता, या नुसत्या गप्पा आहेत असे म्हणून ते पुढे करायचे, ही त्या काळच्या लेखिकांची ठरलेली रीत दिसते. गिरिजाबाई केळकर यांच्या एका कथासंग्रहाचे नाव तर ‘केवळ विश्रांतीसाठी’ असे आहे. याच गिरिजाबाई १९२८ मध्ये नाट्यसंमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नम्रतेत सावधपणाचा भाग किती होता याचा अंदाज येतो.

तेल विकून टपालखर्च

काशीबाईंनंतर दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, इटलीच्या सार्डिनिया बेटावरील न्युओरो या डोंगरी गावात ग्रात्सिया देलेद्दा जन्मली. तिचे शालेय शिक्षण प्राथमिक चार इयत्तांपुरते. त्यानंतर काही काळ घरी शिकवणी. १८८८ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, तिची कथा रोमच्या एका फॅशनविषयक साप्ताहिकात छापून आली. न्युओरोला तिचा अभिमान वाटण्याऐवजी संताप आला. मुलीच्या जातीने प्रेमाबिमाच्या गोष्टी लिहून त्या परगावी छापायला द्याव्यात, ही त्या गावाला बेअब्रू वाटली. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘कोसिमा’ या आत्मचरित्रपर कादंबरीत तिने एक प्रसंग रंगविला आहे. नायिकेला आपले हस्तलिखित टपालाने धाडायचे असते, पैसे नसतात; तेव्हा ती घरातल्या साठ्यातून थोडे तेल चोरून विकते आणि टपालखर्च भागविते. आपल्याकडील एखाद्या जुन्या वाड्यातही हे सहज घडू शकले असते.

देलेद्दाला १९२६ चे नोबेल पारितोषिक प्रत्यक्षात १९२७ मध्ये प्रदान करण्यात आले. साहित्याच्या नोबेलची ती दुसरी महिला मानकरी. पहिल्या स्वीडनच्या सेल्मा लागरलोफ. तिच्या कथांत मेंढपाळ आहेत, मोलकरणी आहेत, दरोडेखोर आणि म्हाताऱ्या आया आहेत, नवस आणि शकुन आहेत. ती स्वतः मेंढपाळ नव्हती, खाऊनपिऊन सुखी अशा घरातील होती, हे खरे. तिची मायबोली सार्डिनियन आणि तिने लिहिले मात्र शिकून घेतलेल्या इटालियनमध्ये, हेही खरे. तरीही तिने गाव लिहिले, ते पाहुणी म्हणून नव्हे. डोंगराळ मुलखातील एक मुलगी त्या मुलखातच बसून कथा लिहू लागली, ही गोष्ट भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे पाहताना खटकल्यावाचून राहत नाही. कारण तशी देलेद्दा त्या काळात मराठीला लाभली नाही.

तिची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९०१ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण एक टक्कादेखील नव्हते. १९५१ मध्येही ते नऊ टक्क्यांच्या आतच राहिले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याच शाळांतून शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. म्हणजे शाळा मिळाली तर लेखणी कोठूनही उगवते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. शाळा मात्र फार थोड्या जणींना मिळाली आणि मिळाली ती प्रामुख्याने शहरातील, तीही बहुतांशी उच्चवर्णीय घरांतील मुलींना. त्यामुळे मराठी स्त्रीकथा जन्मली ती माजघरात.

माजघराला कमी लेखण्याचे कारण नाही. ते किती खोल असते हे इटलीतही दिसते. नेपल्सची माटिल्डे सेराओ ही तारकचेरीत नोकरी करणारी मुलगी. तिने पुढे तारकचेरीतील मुलींवर आणि अध्यापिका होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणींवर कथा लिहिल्या. त्या १८८६ च्या ‘मुलींची कादंबरी’ अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात आहेत. तुटपुंजा पगार, दंडाची भीती, लग्न जमेल की नाही ही धास्ती, घरी वाट पाहणारी खाणारी तोंडे असा त्या कथांचा ऐवज. १८९२ मध्ये तिने पतीच्या सहकार्याने ‘इल मात्तिनो’ हे दैनिक सुरू केले आणि ते आजही निघते. सेराओची मुलगी आणि विभावरी शिरूरकरांची मुलगी यांच्यात जवळजवळ अर्ध्या शतकाचे अंतर असले तरी दोघी एकाच वाटेवर भेटतात. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचा प्रश्न तिच्या शीर्षकातच पुरा मांडलेला आहे. मिळवती झालेली थोरली मुलगी वडिलांच्या घराचा आधार होते आणि तिचे स्वतःचे घर कायमचे लांबणीवर पडते. स्त्रीशिक्षणाने मुलींना स्वातंत्र्य दिले, असे व्यासपीठावरून सांगितले जात असताना, त्या स्वातंत्र्याचा पगार कोणाच्या हाती पडतो, हे या कथेने विचारले. लोक चिडले त्याचे खरे कारण शृंगार नव्हे, हा हिशेब असावा.

शिरूरकर कोण?

विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे. शिरूर (घोडनदी) हे त्यांच्या बालपणाचे गाव. आडनाव त्यावरून घेतलेले. हिंगण्याच्या कर्वे यांच्या संस्थेत त्या शिकल्या आणि पुढे अध्यापनही केले. त्यांनी दागिन्यांवर ‘अलंकारमंजूषा’ आणि के. एन. केळकर यांच्यासमवेत हिंदू धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तो स्वतःच्या नावाने. अलंकार आणि कायदा यांवर बाईने उघडपणे लिहिलेले समाजाला चालत होते; बाईने बाईच्या मनावर लिहिलेले चालत नव्हते. म्हणून गोष्टींसाठी वेगळे नाव. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांना त्यांची ओळख दोन नावांनी करून द्यावी लागली.

टोपणनावाचा हा आडोसा इटलीतही तितकाच रूढ होता. ‘नेएरा’ या नावाने लिहिणारी लेखिका म्हणजे आन्ना झुक्कारी, ‘मार्केझा कोलोंबी’ म्हणजे मारिया अंतोनिएत्ता तोर्रियानी, तर ‘सिबिल्ला अलेरामो’ या नावामागे रीना फाच्चो. अलेरामोची १९०६ मधील कादंबरी, पतीचे घर आणि त्याबरोबर मूलही सोडून जाणाऱ्या आईची, इटलीत ‘कळ्यांचे निःश्वास’सारखीच वादळी ठरली होती. नातालिया गिन्झबुर्गचे प्रकरण निराळे. ती ज्यू कुटुंबातली. मुसोलिनीच्या राजवटीतील वंशविषयक कायद्यांमुळे तिला १९४२ मधील आपले पहिले पुस्तक ‘अलेस्सांद्रा तोर्निंपार्ते’ या नावाने प्रसिद्ध करावे लागले. म्हणजे बाईच्या नावावर कधी घराचा पहारा, कधी गावाचा, कधी सरकारचा.

टोपणनावाने लेखिकेला त्या वेळी वाचविले. पण पुढे त्यानेच तिला हरवले. ग्रंथालयाच्या तालिकेत बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर या तीन नोंदी तीन खणांत असू शकतात. काशीबाई बापट-कानिटकर किंवा कुसुमावती जयवंत-देशपांडे यांच्यासारख्या लेखिकांना माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे आहेत. मासिकांतून तर पुष्कळ गोष्टी ‘एक भगिनी’, ‘सौ. अमुक’ अशा सहीने छापल्या जात. नामवंत लेखिका तरी शोधता येतात. ज्यांनी ‘मनोरंजन’, ‘किर्लोस्कर’ किंवा १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकात चार-सहा गोष्टी लिहून लेखणी खाली ठेवली, त्यांचा माग लागणे कठीण. त्यांच्या नातवंडांनाही कदाचित आजी लिहीत असे हे ठाऊक नसेल.

या मासिकांचे ऋण मात्र मोठे आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढून कथेला वर्षाचा एक हक्काचा सण मिळवून दिला. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी या नांगर बनविणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून ‘स्त्री’ टपालाने घरोघर जाई. लिहिणारी आणि वाचणारी एकमेकींना न भेटता ओळखू लागल्या, त्या अशा अंकांतून. आनंदीबाई शिर्के यांच्यासारख्या लेखिका याच काळातील. १९२८ मधील ‘कथाकुंज’पासून त्यांनी सातत्याने कथा लिहिली, ‘सांजवात’ हे त्यांचे आत्मकथन १९७२ मध्ये आले आणि आज बऱ्याच वाचकांना त्या ठाऊक असतात त्या या आत्मकथनामुळे, कथांमुळे नव्हे. मराठी वाचकाला लेखिकेच्या कल्पनेपेक्षा तिच्या आठवणींवर अधिक विश्वास टाकावासा वाटतो की काय, अशी शंका येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरोघर वाचली गेली. त्याच पिढीतील कथालेखिका तितक्या वाचल्या गेल्या नाहीत.

माजघराबाहेर पाऊल टाकणाऱ्यांत कुसुमावती देशपांडे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९०४ मध्ये अमरावतीत जन्म, लंडनला इंग्रजी साहित्याचे शिक्षण, नागपुरात अध्यापन. ‘दीपकळी’ (१९३४), ‘दीपदान’ (१९४१) आणि ‘मोळी’ (१९४६) हे त्यांचे कथासंग्रह. त्यांच्या कथेत घडामोड थोडी असते. एखादा क्षण, एखादा चेहरा, मनावर उमटून गेलेली छाया एवढ्यावर ती उभी राहते. गंगाधर गाडगीळ आदींच्या नवकथेचा गाजावाजा झाला तो पुढे. तिची काही बीजे या शांत कथांत सापडतात. ‘मोळी’ हे शीर्षक पाहा. कळी आणि दीप या कोमल शब्दांकडून डोक्यावरच्या लाकडाच्या भाऱ्याकडे हा प्रवास बारा वर्षांत झाला. मालतीबाईंनीही तीच दिशा धरली. तथाकथित गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये केलेल्या नोकरीतून त्यांची ‘बळी’ ही कादंबरी १९५० मध्ये आली.

नेमक्या याच सुमारास इटलीत आन्ना मारिया ओर्तेझे नेपल्सच्या गल्ल्यांत फिरत होती. १९५३ च्या तिच्या संग्रहातील पहिली कथा एका अर्धवट आंधळ्या गरीब मुलीची आहे. घरचे लोक मोठ्या ओढाताणीने तिला चष्मा करून देतात. चष्म्याच्या दुकानात, मोठ्या रस्त्यावर, जग सुंदर दिसते. आणि आपल्या चाळवजा वस्तीच्या अंगणात आल्यावर चष्मा लावताच तिथली घाण आणि दैन्य पहिल्यांदा स्पष्ट दिसून तिला भोवळ येते. सांगायला इतकी साधी गोष्ट, पण शिक्षण मिळालेल्या प्रत्येक बाईची ती गोष्ट आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शिरूरकरांच्या नायिकांनाही चष्माच मिळाला होता.

तरीही ‘मोळी’ लिहिली प्राध्यापिकेने; मोळी वाहणारीने नव्हे. ग्रामीण बाई मराठी कथेत ठळकपणे आली ती व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारख्या पुरुष लेखकांच्या कथेतून. तिने स्वतः लेखणी धरायला आणखी काही दशके लागली. प्रतिमा इंगोले यांची वऱ्हाडी बोलीतील कथा, ऊर्मिला पवार यांचे ‘सहावं बोट’ (१९८८) आणि त्यानंतरची कथा ही ती पहिली ठळक पावले. बेळगाव जिल्ह्यातील यमकनमर्डी येथे जन्मलेल्या कमल देसाई (१९२८–२०११) यांनी ‘रंग’ (१९६२) मधून एकट्या, हट्टी, समाजाला न जुमानणाऱ्या बाईची कथा लिहिली खरी. पण ती वेगळी आणि अजूनही पुरेशी न वाचली गेलेली वाट आहे.

मधल्या काळात जात्यावरची बाई गप्प नव्हती. निरक्षर बहिणाबाई चौधरींचे काव्य मुलाने आणि त्याच्या मावसभावाने उतरवून घेतले म्हणून १९५२ मध्ये ते छापले गेले. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबर यांनी ओव्या आणि लोककथा जमविल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने तर पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. गाणारीचे नाव आणि गाव यांसह. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत क्वचितच पाळलेली ही शिस्त. ओवी अशी वाचली, कथा मात्र वाचली नाही. नणंद-भावजयांनी भाताची लावणी करताना, चुलीपुढे भाकरी थापताना सांगितलेल्या, कहाणीच्या साच्यात न बसणाऱ्या, आजूबाजूच्या खऱ्या बायांच्या गोष्टी कोणी लिहून घेतल्या नाहीत. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये भरले आणि साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला बसली. लिहिणाऱ्या बाईलाच जेथे ८३ वर्षे लागली, तेथे न लिहिणारीचे काय विचारावे!

इटलीने आपल्या जुन्या लेखिकांकडे अलीकडे पुन्हा वळून पाहिले आहे. झुंपा लाहिरी यांनी २०१९ मध्ये संपादित केलेल्या चाळीस इटालियन कथांच्या इंग्रजी संग्रहात ओर्तेझे, एल्सा मोरांते, गिन्झबुर्ग, लाल्ला रोमानो, आन्ना बांती अशा लेखिका ओळीने भेटतात. आल्बा दे सेस्पेदेस हिची १९५२ मधील, घरच्यांपासून चोरून वही लिहिणाऱ्या गृहिणीची कादंबरी नव्या इंग्रजी अनुवादात २०२३ मध्ये आली आणि जगभर वाचली गेली.

मराठीत असे काही करायचे तर कायद्याची आडकाठी वाटते तेवढी नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. काशीबाई कानिटकर यांचे निधन १९४८ मध्ये झाले. त्यांचे लेखन २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा १ जानेवारी २०२२ पासून कोणालाही छापता येतात, संगणकावर ठेवता येतात, आकाशवाणीवर वाचता येतात. मालतीबाईंच्या बाबतीत मात्र २०६१ साल उलटेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ज्या लेखनाचा कर्ता कधीच उघड झाला नाही, त्याची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षांची. म्हणजे जुन्या मासिकांतील सगळ्या ‘एक भगिनी’ आता मोकळ्या आहेत.

अडचण आहे ती कागदाची. युद्धकाळात आणि त्यानंतर छापलेल्या मासिकांचा कागद आम्लयुक्त. तो पिवळा पडतो आणि मग पान उलटताच तुटतो. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्थांत अंकांच्या बांधीव फायली असतात. पण १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील वाचनालयांना जागा आणि पैसा दोन्ही अपुरे. तेथे फुटके अंक रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्याने अनुक्रमणिकेचे पान तरी मोबाइलवर टिपून ठेवले, तर लेखिकेचे नाव, गोष्टीचे शीर्षक, महिना आणि वर्ष एवढे हाती उरते. उत्रोली असो वा पुणे, या कामाला पदवी लागत नाही. आणि ज्यांच्या घरी आजी अजून बोलती आहे, त्यांच्याकडे तर छापील अंकाचीही गरज नाही. ध्वनिमुद्रण सुरू करून तिचे नाव आणि गाव आधी तिच्याच तोंडून घ्यावे लागते, इतकेच.